दीडशे पुरचुंड्या

शाल्मलीनं फोनवर दाखवल्या त्या डब्या :
पारदर्शक, सोनेरी पट्टी, आत दोन चॉकलेटं,
एकीला बाराशे बैसा.
दीडशे पाहुणे. मी खडूनं टेबलावर गुणाकार केला
आणि तळहातानं पुसला.

मत्राहच्या गल्लीत सत्तावीस वर्षं दिशदाशे शिवतोय.
प्रत्येकामागं वीतभर कापड उरतं,
गिऱ्हाईक मागत नाही, मी टाकत नाही.
माळ्यावर तीन गोणी पांढऱ्या कतरणी,
जपानी, कोरियन, एक कुठलीशी, धुतली की आखडणारी.
कुणाच्या बाहीखालची कुठली, अजून सांगेन.

म्हटलं, पोरी, मी शिवतो.
ती गप्प. मग म्हणाली, "बाबा, पण नीट हं."
माणूस जन्मभर लोकांचे गळे बसवतो
आणि पोटची पोर म्हणते, नीट हं.

इंदुमती आली तीस दिवसांच्या व्हिसावर,
कुडाळहून, पिशवीत दोन किलो हळकुंडं.
विमानतळावरच्या पोऱ्यानं एक उचलून हुंगलं,
विचारलं, हे काय.
हिला ना अरबी ना इंग्रजी.
हिनं हवेतच सहाण धरली, उगाळल्यासारखं केलं,
आणि बोट गालाला लावलं.
तो हसला. जा म्हणाला.

सुपारी आणलीच नव्हती, इथं चालत नाही.
"मगे खारीक आसा मां?"
आसा? समोरचं अख्खं दुकान खारकांचं.
आमच्या लग्नात हिच्या ओटीत पडली ती खारीकही
अशाच कुठल्या बंदरातून गेली असणार,
गोणपाटात, गलबतात, माझ्या उलट दिशेनं.
हे मी तिला सांगितलं.
तिनं मोजणं थांबवलं नाही.

रात्री दहाला शटर अर्धं खाली.
मी शिवायचो, उलटायचो, ती भरायची :
एक हळकुंड, एक खारीक,
हरभऱ्याएवढा लोबानाचा खडा.
बंद कशाचा, तर दिशदाशाच्या गळ्याला गोंडा असतो,
फुराखा म्हणतात, अत्तरात बुडवतात,
तोच वळला, दीडशे वेळा.
गाठ मात्र तिची.
भाताच्या पेंडीला मारतात ती, एका झटक्याची,
बरोबर टोक ओढलं तर सुटते, नाहीतर नाही.
मी शिकायला गेलो. ह्या हातांना येईना.

अकरा रात्री.
सगळ्या सुट्ट्यांची बेरीज करून बघितली,
एका दिव्याखाली, एका कामाला
इतकं आम्ही कधी बसलो नव्हतो.
बोलायला फार नव्हतंच.
दिवा सरकवा, म्हणायची. मी सरकवायचो.
एकदा म्हणाली, "शिवताना तुमचे ओठ हलतत."
आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

रुवीत हॉटेलच्या मागचा हॉल, पंखे आवाज करणारे.
दोऱ्याच्या रिकाम्या रिळांना चीर पाडून
नावांच्या चिठ्ठ्या त्यात उभ्या.
स्टेजमागे दुकानातला पडदा, ज्याच्याआड गिऱ्हाइकं कपडे बदलतात,
कडक इस्त्री करून.
शाल्मलीनं आधी कपाळाला हात लावला,
मग त्याच्यापुढेच सगळे फोटो काढले.

कुंजुमोल सिस्टरनं हळकुंड चावून बघितलं.
इस्त्रीवाल्या रफीकनं एक जास्तीची मागून घेतली,
सिल्हेटला बायकोकडे पाठवायला.
सालिम, छाती चव्वेचाळीस, डावा खांदा जरा उतरता,
गोंडा नाकाशी धरून म्हणाला, हे तर माझ्या गळ्यातलं!
कापडही तुझ्याच बाहीखालचं,
हे मी बोललो नाही.

चौथ्या दिवशी इंदुमती गेली.

परवा सालिम आला. धाकटीचं ठरलंय.
तीनशे हव्यात, अश्शाच.
कापडाचं बोललो, गोंड्याचा भाव सांगितला.
"आणि ही गाठ?"
त्यानं खिशातून ती काढली, अजून उघडलेली नव्हती.
"ही मारणारी परत कधी येणार?"

मी गळ्यातली टेप काढली.
म्हटलं, हात वर कर,
आधी छाती घेऊ.